ग्रीक अवशेषांत शेळीचे स्थान

ग्रीसमधील प्राचीन अवशेष पाहण्यास निघणाऱ्या सुशिक्षित प्रवाशाच्या मनात त्या अवशेषांचे जे चित्र असते, त्यात संगमरवरी खांब असतात, निळे आकाश असते, फार तर ऑलिव्हचे एखादे झाड असते आणि त्या झाडाखाली विचारमग्न मुद्रेने उभा असलेला तो स्वतः असतो; परंतु त्या चित्रात ट्रॅक्टर नसतो, दोरीवर वाळत घातलेले कपडे नसतात, आणि शेळी तर नसतेच नसते. प्रस्तुत लेखाचा विषय ही चित्रातून वगळलेली शेळी, तो ट्रॅक्टर व ते कपडे हा आहे, आणि प्रसंगोपात्त त्या विचारमग्न प्रवाशाचाही समाचार घेतला जाईल. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसचे वर्णन येथे केलेले नाही, कारण ते बहुतेक मराठी वाचकांनी आप्तेष्टांच्या मोबाइलवर, चहा गार होईपर्यंत, सक्तीने पाहिलेले असते.

या प्रवाशाला सोयीसाठी ‘जाणकार प्रवासी’ असे नाव देता येईल. सहल कंपनीच्या झेंड्यामागे न जाता स्वतःच्या खर्चाने व स्वतःच्या जबाबदारीवर वाट चुकणारा, निघण्यापूर्वी कित्येक महिने ग्रंथालयातून जाडजूड पुस्तके आणून घरच्यांना जेवताना डोरिक व आयोनिक स्तंभांतील भेद समजावून सांगणारा (डोरिक स्तंभाचा माथा साधा असतो व आयोनिक स्तंभाच्या माथ्यावर दोन्ही अंगांना गुंडाळीसारखी वळणे असतात, घरच्यांना हे आता झोपेतही म्हणता येते), आणि परदेशात झेंड्यामागून चाललेला मराठी मेळावा दिसताच एकाएकी एखाद्या शिलालेखात गढून जाणारा गृहस्थ, अशी त्याची स्थूल व्याख्या करता येते. प्रस्तुत लेखक हा या जातीचा पूर्ण वाढ झालेला नमुना असून अभ्यासकांना तो केव्हाही उपलब्ध आहे. त्याच्या डोक्यावर कापडी टोपी असते, खिशात वही असते आणि काखोटीला पाउसानियस असतो.

पाउसानियस हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक. त्याने मुख्य ग्रीसचा बराच भाग हिंडून दहा खंडांचे एक वर्णन लिहिले, ज्यात मंदिरे, मूर्ती, विधी व दंतकथा यांची इतकी बारीक नोंद आहे की आधुनिक उत्खननांना त्याचा आधार पदोपदी घ्यावा लागतो. जाणकार प्रवाशांचा मूळपुरुष म्हणून त्याचा मान मोठा आहे, आणि या कुळाचे दोषही त्याच्यापासूनच सुरू झाले असावेत असे मानण्यास जागा आहे. फोकिस प्रांतातील पानोपेउस नावाच्या ठिकाणाविषयी लिहिताना तो सरळ शंका घेतो की ज्या वस्तीत सरकारी कचेऱ्या नाहीत, व्यायामशाळा नाही, नाट्यगृह नाही, बाजारचौक नाही, वाहत्या पाण्याचा हौद नाही आणि लोक डोंगरातल्या खोपटांसारख्या घरांत राहतात, तिला नगर तरी कसे म्हणावे. त्या खोपटांतून धूर निघत असणार, कोणी तरी त्याला प्यायला पाणी दिले असणार, रात्री अंथरूणही दिले असणार. त्याची नोंद त्याने केलेली नाही. देवळाची लांबी-रुंदी विचारायची आणि पाणी देणारीचे नाव विचारायचे नाही, ही शिस्त पुढील अठरा शतके जाणकारांनी कसोशीने पाळली.

पेलोपोनीस या ग्रीसच्या दक्षिणेकडील द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य भागात, इथोमे नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी, मेसेने हे प्राचीन नगर आहे, आणि प्रस्तुत विवेचनासाठी त्याच्याइतके सोयीचे दुसरे उदाहरण मिळणे कठीण आहे. मेसेनियाचे, म्हणजे या भागाचे, लोक अनेक पिढ्या स्पार्टाचे हेलट होते. हेलट म्हणजे जमिनीला बांधलेले भूदास, जे पिकवीत स्वतः आणि खात स्पार्टावाले. इसवी सनापूर्वी ३७१ मध्ये थीब्झच्या एपामिनोन्दास या सेनापतीने ल्यूक्ट्राच्या लढाईत स्पार्टाचा पराभव केला, आणि त्यानंतर ३६९ मध्ये त्याने या मुक्त झालेल्या लोकांसाठी मेसेने वसवले. बांधकाम चालू असताना बासऱ्या वाजत होत्या आणि त्या बिओशिया व आर्गोस येथीलच असाव्यात असा दंडक होता, ही माहिती पाउसानियस देतो. गवंड्यांना मजुरी किती होती हे तो सांगत नाही.

नगराभोवतीची तटबंदी सुमारे ९ किलोमीटर लांबीची. पाउसानियसने ती पाहून बायझँटियम व ऱ्होड्झ येथील तटांपेक्षाही ही भक्कम आहे असा निर्वाळा दिला, आणि सोबत हेही प्रामाणिकपणे नमूद केले की बॅबिलोनचे तट आपण पाहिलेले नाहीत. उत्तरेकडचा आर्केडियन दरवाजा हा या तटाचा कळस आहे. बाहेरचा दरवाजा, मग सुमारे २० मीटर व्यासाचे वर्तुळाकार अंगण, मग आतला दरवाजा, अशी त्याची रचना असून अंगणाच्या भिंतींचे चिरे चुना किंवा माती न वापरता असे बसवले आहेत की सांध्यात पोस्टकार्ड सरकणार नाही. आतल्या दरवाजाचा एक अवाढव्य दगड निखळून तिरका पडला आहे व त्याला तसेच राहू दिले आहे. भिंतीत दोन कोनाडे आहेत, त्यांत पूर्वी देवमूर्ती असाव्यात, आणि एका कोनाड्याच्या वर रोमन काळातील एका सद्गृहस्थाने आपले नाव कोरून ठेवले आहे: क्विंटस प्लोटियस यूफेमियन याने दुरुस्ती केली. दरवाजा कोणी बांधला हे कोठेही कोरलेले नाही, पण डागडुजी कोणी केली हे सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहे. आमदार निधीतून झालेल्या गटाराच्या झाकणावरील फलक ज्याने वाचला आहे, अशा वाचकास या शिलालेखाचे भाषांतर करून देण्याची गरज नाही.

या दरवाजाचे वैशिष्ट्य मात्र त्याच्या चिऱ्यांत किंवा कोनाड्यांत नसून त्यातून जाणाऱ्या डांबरी रस्त्यात आहे. जे दार ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात आर्केडियाकडे जाण्यासाठी होते, त्यातूनच आजही मोटारी, दुचाक्या, ऑलिव्हची पोती लादलेल्या पिकअप गाड्या आणि ट्रॅक्टर ये-जा करतात, म्हणजे ज्या कामासाठी दरवाजा बांधला ते काम तो अजून करतो आहे. जाणकार प्रवाशास मात्र हे पाहून आनंद होत नाही. प्रस्तुत लेखक वर्तुळाकार अंगणाच्या मध्यभागी, हात मागे बांधून, एपामिनोन्दासाच्या सैन्याची पावले ऐकू येण्याची वाट पाहत उभा असताना मागून जो ऐकू आला तो भोंगा होता, आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या इसमाच्या चेहऱ्यावर इतिहासाविषयी अनादर नव्हता, फक्त ‘बाजूला होता का’ एवढाच भाव होता. बाजूला झाल्यावर त्या इसमाने हात उंचावून आभारही मानले. त्या आभारांनी जाणकाराच्या जिवाला जे लागले, ते भोंग्याने लागले नव्हते; कारण भोंगा वाजवणाऱ्यास रानटी ठरवता येते, आभार मानणाऱ्यास ठरवता येत नाही.

तटाच्या आत माव्रोमाती नावाचे गाव आहे. प्राचीन नगराच्या वरच्या अंगाला हे गाव वसलेले असून त्याच्या मधोमध एक झरा वाहतो, तोच पाउसानियसने वर्णिलेला क्लेप्सिद्रा झरा मानला जातो. बाल झ्यूसला, म्हणजे ग्रीकांच्या देवाधिदेवाला, इथोमे व नेदा या अप्सरांनी येथे न्हाऊ घातले अशी कथा आहे, आणि झ्यूस आपल्याच गावी जन्मला व वाढला असा दावा करणाऱ्या गावांची मोजदाद करणे कोणालाही शक्य नाही, अशी मल्लिनाथी पाउसानियसनेच तेथे केली आहे. त्याच्या काळी या झऱ्याचे पाणी रोज डोंगरमाथ्यावरील देवळात नेले जात असे. आज ते प्लास्टिकच्या बाटल्यांतून घरी नेले जाते. झऱ्याशी पाणी भरणाऱ्या बाईच्या मागे रांगेत उभे राहून जाणकाराने वहीत ‘पवित्र जल’ असे लिहिले व खाली रेघ ओढली, तोवर तिच्या बाटल्या भरून झाल्या होत्या आणि ती त्याला ‘भरा आता’ अशी खूण करीत होती. त्याच्याजवळ बाटली नव्हती, वही होती.

गावातील ऑलिव्हच्या बागा आणि अवशेष यांची सरमिसळ पाहून पहिल्या दृष्टीस असे वाटते की शेतीने प्राचीन नगरावर अतिक्रमण केले आहे, आणि हा समज जाणकारास फार प्रिय असतो. वस्तुस्थिती उलट आहे. इतका लांबलचक तट बांधण्यामागचा हेतूच हा सांगितला जातो की वेढा पडला तरी आत शेते, झरे व कुरणे असावीत व नगर उपाशी मरू नये. म्हणजे तटाच्या आत नांगर चालणे हा मूळ आराखड्याचा भाग होता, आणि अतिक्रमण कोणी केले असेलच तर ते टोपी घालून आलेल्या मंडळींनी केले आहे.

गावच्या कॉफीच्या दुकानाला काफेनियो म्हणतात. तेथे दोन-चार वयस्क ग्रामस्थ बसलेले असतात, त्यांच्या बोटांत कोम्बोलोई नावाची मण्यांची माळ फिरत असते (ती जपमाळ नव्हे, तिने काहीही जपायचे नसते, नुसते मणी मागेपुढे करायचे असतात), आणि समोर लहान पेल्यात गाळ खाली बसू दिलेली कॉफी व शेजारी पाण्याचा ग्लास असतो. अशा मंडळींसमोर आपले ज्ञान उघड करावे ही जाणकाराची जुनी मनीषा. त्याची कल्पना अशी की पूर्वेकडील दूर देशातून आलेला हा गृहस्थ ल्यूक्ट्राच्या लढाईचे साल जाणतो, हे कळताच म्हातारे चकित होतील, खुर्ची पुढे करतील आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणतील की आमच्या पोरांनाही हे ठाऊक नाही. प्रत्यक्षात एपामिनोन्दासाचे नाव घेतल्यावर मंडळींनी मान डोलावली, कारण ग्रीसमध्ये एपामिनोन्दास, पेरिक्लीस, सोफोक्लीस ही नावे अजूनही माणसांना ठेवतात व नळ दुरुस्त करणारा सोफोक्लीस असणे यात कोणास विशेष वाटत नाही. आणि मग त्यांतील सर्वांत ज्येष्ठ गृहस्थांनी, मोडकी इंग्रजी जाणणाऱ्या शेजाऱ्याच्या मध्यस्थीने, पाहुण्यास तीन प्रश्न विचारले. तुमच्याकडे पाऊस किती पडतो? तेल कशाचे खाता? तुमची स्वतःची झाडे किती? पावसाचा आकडा जाणकारास सांगता आला नाही. शेंगदाण्याचे तेल ऐकून त्यांनी सहानुभूती व्यक्त केली. झाडांच्या बाबतीत, गावी आंब्याची दोन झाडे आहेत परंतु ती चुलत्यांच्या नावावर आहेत व प्रकरण कोर्टात आहे, एवढे सांगताच मात्र सगळे काफेनियो सावरून बसले, खुर्ची पुढे आली, दुसरी कॉफी आली, आणि जमिनीच्या वाटण्यांवर असे सखोल चर्चासत्र झाले की ल्यूक्ट्राचे साल शेवटपर्यंत कोणी विचारले नाही.

येथवर ज्या प्राण्याचे नाव शीर्षकात आहे त्याचा प्रवेश झालेला नाही, याची जाणीव लेखकास आहे. इथोमेच्या उतारावरून येणारा घंटांचा किणकिणाट ऐकून जाणकार प्रवासी प्रथम नाक मुरडतो, परंतु ग्रीक संस्कृतीत शेळीचा अधिकार जाणकारापेक्षा कितीतरी जुना आहे, आणि तो येथे सविस्तर मांडणे न्यायाचे होईल.

पहिली गोष्ट अशी की शेळी नसती तर डेल्फी नसते. डेल्फी म्हणजे अपोलो देवाच्या कौलाचे स्थान. तेथे पिथिया नावाची पुजारीण देवाच्या वतीने बोलत असे व राजे-महाराजे लढाईपूर्वी तिचा कौल लावीत. हे स्थान शोधले कोणी? डिओडोरस हा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील इतिहासकार सांगतो की शेळ्यांनी. डोंगरात एक भेग होती, तिच्यात डोकावणारी शेळी चमत्कारिक उड्या मारू लागे व वेगळ्याच आवाजात ओरडू लागे, ते पाहून राखणाराही डोकावला आणि भविष्य बोलू लागला. पुढे सारे काही ऋषितुल्य मंडळींनी ताब्यात घेतले, पण शेळीचा मान राहिला. कौल लावण्यापूर्वी बळीच्या शेळीवर थंड पाणी शिंपडीत, आणि ती पायापासून थरथरली तरच देव राजी आहे असे समजून पिथिया गाभाऱ्यात जाई. डेल्फीत स्वतः पुजारी असलेला प्लूटार्क एक प्रसंग नोंदवतो, ज्यात परदेशी पाहुण्यांच्या दबावामुळे शेळी थरथरत नसतानाही तिच्यावर पाणी ओतओतून तिला कशीबशी हलायला लावली. पिथिया नाइलाजाने आत गेली, किंचाळत बाहेर आली आणि थोड्याच दिवसांत वारली. बाहेरगावच्या बड्या पाहुण्यांसाठी नियम वाकवल्यास काय होते, याचा हा बहुधा सर्वांत जुना लेखी दाखला असेल.

दुसरी गोष्ट अथेन्सची. वॅरो हा रोमन शेतीतज्ज्ञ लिहितो की अ‍ॅक्रोपोलिसवर शेळीला प्रवेश नव्हता. शेळीने चावलेले ऑलिव्हचे झाड फळत नाही असा समज होता, म्हणून वर्षातून एकदाच, आवश्यक बळीपुरती, ती वर नेली जाई. तिच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की वर गेलेल्या शेळीने तेथे सेल्फी काढल्याची नोंद नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची असून लेखकास ती सर्वांत प्रिय आहे. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर इराणी सैन्य उतरले तेव्हा अथेन्सच्या लोकांनी शिकारीची देवी आर्टेमिस हिला नवस बोलला की जितके शत्रू मारू तितक्या शेळ्या तुला देऊ. नवस बोलताना माणूस उदार असतो. इतिहासकार हिरोडोटसच्या आकड्याप्रमाणे लढाईत अथेन्सचे १९२ आणि शत्रूचे ६,४०० लोक पडले, आणि विजयाचा जल्लोष ओसरल्यावर अथेन्सच्या ध्यानात आले की इतक्या शेळ्या मिळणार कोठून. तेव्हा देवीशी तडजोड करून वर्षाला ५०० शेळ्यांचा हप्ता ठरला. ६,४०० भागिले ५०० म्हणजे तेरा वर्षांत कर्ज फिटावयास हवे होते. परंतु झेनोफन हा लेखक इसवी सनापूर्वी ४०१ मधील आपल्या भाषणात सांगतो की हा बळी आजही चालू आहे. म्हणजे नवस बोलून नव्वद वर्षे होत आली, मुद्दल केव्हाच फिटले, व्याजापोटी पाच-सहा पट शेळ्या गेल्या, तरी खाते बंद झाले नव्हते. लोकशाही, तत्त्वज्ञान व नाटक यांच्या त्या सुवर्णयुगात कोणत्याही तत्त्ववेत्त्याने हा भागाकार सभेत मांडल्याचे आढळत नाही. दरवर्षी बळीनंतर मांस वाटले जात असे, ही गोष्ट या मौनामागे असावी.

याच मोहिमेत आणखी एक पात्र येते. स्पार्टाकडे मदत मागण्यास धावत गेलेल्या अथेनियन जासुदाला तेगेआजवळच्या डोंगरात पान हा अर्धा बोकड असलेला देव भेटला, अशी हिरोडोटसने दिलेली हकिकत आहे. देश संकटात, जासूद धापा टाकतो आहे, आणि देवाने त्याला थांबवून तक्रार काय केली, तर अथेन्सवाले आपल्याला विचारत नाहीत. लढाईनंतर त्याची समजूत काढून अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याला त्याला जागा देण्यात आली. आजही युरोपीय संघात सर्वाधिक शेळ्या ग्रीसमध्येच आहेत, आणि २००२ पासून भौगोलिक संरक्षण मिळालेल्या फेटा या चीजमध्ये मेंढीच्या दुधासोबत ३० टक्क्यांपर्यंत शेळीचे दूध चालते, एवढे सांगून हे प्रकरण आवरते घेणे भाग आहे. अन्यथा ते आवरणार नाही.

आता मूळ मुद्दा. जाणकार प्रवाशाची ती प्रेक्षणीय पोकळी, ज्यात खांब आहेत पण माणसे नाहीत, ती आपोआप निर्माण झालेली नाही. ती करवून घेण्यात आलेली आहे. डेल्फीच्या अवशेषांवर कास्त्री नावाचे नांदते गाव होते. घरांच्या भिंतींत शिलालेख बसवलेले होते, अंगणात स्तंभांचे तुकडे होते. फ्रेंचांना तेथे उत्खनन करावयाचे होते, त्याची बोलणी ग्रीसच्या मनुकांवरील फ्रेंच जकातीच्या वादाशी जोडली जाऊन दहा वर्षे रखडली, अखेर १८९१ मध्ये फ्रेंच संसदेने ५ लाख फ्रँक मंजूर केले, आणि गावकऱ्यांच्या विरोधाला न जुमानता गाव उचलून पलीकडे नेऊन १८९२ मध्ये खणण्यास सुरुवात झाली. अथेन्समध्ये प्राचीन बाजारचौक उघडा करण्यासाठी १९३१ पासून व्रिसाकी या वस्तीतील शेकडो घरे पाडण्यात आली. तुर्कस्तानातील आफ्रोदिसियास हे असेच ग्रीक संस्कृतीचे नगर. १९५८ मध्ये छायाचित्रकार आरा ग्युलेर वाट चुकून गेयरे या गावी पोहोचला तेव्हा कॉफीच्या दुकानात लोक प्राचीन स्तंभशीर्षांचे टेबल करून पत्ते खेळत होते. त्याने काढलेल्या छायाचित्रांनी जगाचे लक्ष वेधले, उत्खनन झाले, आणि गेयरे गावही हलवण्यात आले. ज्या छायाचित्रांतील माणसांमुळे ते स्थळ प्रसिद्ध झाले, नेमकी तीच माणसे तेथून गेली. या उत्खननांमुळे जे ज्ञान मिळाले ते अमोल आहे, आणि त्यांशिवाय प्रस्तुत लेखकाला मिरवण्यासारखे काही उरले नसते, हे मान्य करूनही खेद वाटतो तो पुढील गोष्टीचा. रिकाम्या केलेल्या डेल्फीत उभा राहून हाच जाणकार कुरकुरतो की येथे गर्दी फार आहे व अस्सल ग्रीस राहिलेला नाही. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

या सर्वांत एल्युसिसची गोष्ट विसरता येत नाही. अथेन्सजवळचे हे गाव धान्याची देवी दिमितर हिचे प्राचीन पीठ. तेथे खळ्याजवळच्या शेणखताच्या ढिगात मानेपर्यंत पुरलेली एक भग्न संगमरवरी स्त्रीमूर्ती होती. गावकरी ख्रिस्ती होते, जुना धर्म लोपून चौदा शतके झाली होती, तरीही शेते पिकतात ती हिच्यामुळेच अशी त्यांची श्रद्धा होती, म्हणून खत तिच्याभोवती रचीत आणि सणासुदीला तिच्यापुढे दिवा लावीत. १८०१ मध्ये एडवर्ड क्लार्क हा इंग्रज विद्वान आला, त्याने अथेन्सच्या तुर्की अधिकाऱ्याला एक दुर्बीण देऊन परवानगी मिळवली आणि मूर्ती नेली. गावकरी म्हणाले की ही गेली तर पीक जाईल. नेण्याच्या आदल्या संध्याकाळी एक बैल दावे तोडून आला, मूर्तीला ढुशा देऊ लागला आणि हंबरत रानात पळाला, हे स्वतः क्लार्कनेच लिहून ठेवले आहे. ज्या जहाजातून ती गेली ते इंग्लंडच्या किनाऱ्यावर फुटले. मूर्ती वाचली व आज केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. तिच्यासाठी तेथे तापमान, प्रकाश व माहितीफलक यांची व्यवस्था उत्तम आहे. ती दिमितर नसून मंदिराच्या प्रवेशद्वाराला आधार देणारी स्तंभमूर्ती होती हेही विद्वानांनी निश्चित केले आहे. सगळे बरोबर आहे. पण तिची पूजा करणारे जगातले शेवटचे लोक तिच्याभोवती शेणखत घालणारे ते शेतकरी होते, आणि त्यांना अडाणी ठरवून दुर्बिणीच्या बदल्यात तिला नेणारा विद्यापीठातला होता, हे लिहिताना हसू आवरण्याचा प्रश्न येत नाही, कारण ते येतच नाही.

ग्रीसला नावे ठेवून मराठी जाणकाराची सुटका होत नाही. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहात, म्हणजे स्तूपाची उपासना करण्यासाठी डोंगरात कोरलेल्या बौद्ध सभागृहात, काही खांबांवर धेनुकाकट येथील यवनांनी ते दान दिल्याचे लेख आहेत. यवन म्हणजे येथे ग्रीक वंशाचे की नुसते त्या नावाने ओळखले जाणारे, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण जाणकारास तेवढ्यावरही छाती फुगवता येते व प्रस्तुत लेखकाने ती पुष्कळदा फुगवली आहे. या चैत्यगृहाच्या अगदी दारात एकवीरा आईचे देऊळ आहे. ती कोळी-आगरी समाजाची कुलदेवता, आणि चैत्रातील यात्रेत पालखी, ढोल, हिरवा चुडा, नवसाचा कोंबडा व बकरा यांनी पायऱ्या भरून जातात. पाठीशी पोर बांधून अनवाणी चढणाऱ्या बायांच्या गर्दीत टोपी सावरीत उभ्या असलेल्या जाणकाराची तेथली तक्रार नेहमी एकच असते की हे देऊळ मध्ये येते, त्यामुळे लेण्याच्या दर्शनी भागाचा फोटो नीट मिळत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कोणा यवनाने दुरून येऊन तेथे खांब दिला, तो काही फोटोसाठी दिलेला नव्हता. जेथे लोक जमतात, मागणे मागतात व दान देतात तेथे आपलेही काही असावे म्हणून दिला होता, आणि त्या अर्थाने पायऱ्या चढणाऱ्या बाईचे व त्या यवनाचे जेवढे जमले असते तेवढे त्याचे व जाणकाराचे जमले नसते.

मेसेने येथे १८९५ पासून वेगवेगळ्या टप्प्यांत उत्खनन होत आले आहे, पहिला उत्खनक थेमिस्टोक्लीस सोफूलिस पुढे ग्रीसचा पंतप्रधान झाला, आणि १९८६ पासून पेत्रोस थेमेलिस यांनी कित्येक दशके तेथे काम करून क्रीडांगण, नाट्यगृह व आरोग्यदेव अस्क्लेपियसचे प्रांगण उभे केले. एवढे होऊनही माव्रोमाती जागेवर आहे. अशी स्थळे अजून पाहता येतात, आणि ती पाहण्यास जाणाऱ्या मराठी वाचकासाठी थोडी व्यवहारी माहिती देणे येथे उपयोगाचे ठरेल. कालामाटा शहरापासून मेसेने सुमारे ३० किलोमीटरवर आहे. बाटली सोबत न्यावी, झऱ्यावर भरता येते. काफेनियोत लढायांची साले सांगू नयेत. आपल्याकडील पाऊसपाण्याची व जमिनीच्या दाव्यांची माहिती घेऊन जावे. नोव्हेंबरपासून ऑलिव्हची तोडणी सुरू होते, तेव्हा झाडांखाली जाळ्या अंथरलेल्या असतात आणि चांगला फोटो मिळणारी जागा हटकून त्या जाळ्यांच्या पलीकडे असते. जाळीवर पाय देऊन पलीकडे जाऊ नये. फळ चिरडले की तेलाची आम्लता वाढते व भाव उतरतो.